काळा, त्याखाली सोनेरी, त्याखाली हिरवा

इंजिनाचा नंबर सगळ्यात शेवटी बघायचा असतो. हे मला आता कळलंय, म्हणजे सगळं उलट्या क्रमाने करून झाल्यावर. आपण काय करतो, वरची चादर बाजूला केली की आधी टॉर्च घेऊन नंबर शोधतो, सापडला की फोटो काढतो, आणि एकदा तो नंबर डोक्यात बसला की पुढचं सगळं इंजिन त्या नंबरासारखंच दिसायला लागतं. एखाद्याचं आडनाव आधी कळलं की नाक पण त्या घराण्यातलंच वाटतं ना, तसं.

मामाकडे एक इंजिन आहे. गाडी नाही, नुसतं इंजिन. लाकडी घोडीवर ठेवलेलं, वर चादर, चादरीवर वर्तमानपत्रं. माझ्या जन्माच्या आधीपासून ते तिथे आहे आणि लहानपणी आम्ही भावंडं त्याच्यावर बसून गाडी गाडी खेळायचो, स्टिअरिंग म्हणून डब्याचं झाकण. मामाने ते तरुणपणी घेतलं होतं, इंजिन आधी घेऊ आणि गाडी नंतर बघू असा त्याचा हिशोब, आणि ती गाडी काही आली नाही. इंजिन घरी आल्याच्या पहिल्याच महिन्यात त्याने गंज लागू नये म्हणून त्याला ब्रशने काळा रंग फासला, ती गोष्ट तो अजून रंगवून सांगतो (खरंच, कोटी करायची नव्हती), ब्रश इतका स्वस्तातला होता की त्याचे केस अजून त्या रंगात चिकटलेले दिसतात. खोटं नाही, मी बघितलेत.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे इंजिनाचं कूळ. हे इंजिन ‘बेडूकडोळी’चं आहे. म्हणजे ऑस्टिन-हीली स्प्राइट, १९५८ साली आलेली पहिली, जिचे हेडलाइट बॉनेटवर बेडकाच्या डोळ्यांसारखे उभे असतात आणि जिच्याकडे बघून आजपर्यंत कुणी गंभीर राहू शकलेलं नाही. मामाच्या म्हणण्यानुसार ती गाडी घाटातल्या एका शर्यतीत उलटली, बॉडी गेली, इंजिन वाचलं. दरवर्षी त्या घाटाला एक वळण वाढत गेलं.

आता मामाला जिने चढवत नाहीत, जागा आवरायला काढलीय, आणि त्याने जाहीर केलं की इंजिन द्यायचं. पण फक्त स्प्राइटवाल्याला. दुसऱ्या कुणाला नाही. ओळखीतून ओळख काढत एक गृहस्थ मिळाले, जे खरंच एक बेडूकडोळी परत उभी करतायत आणि ज्यांना इंजिन हवंय. मी मोठ्या उत्साहाने त्यांना इंजिनावरच्या नंबराच्या पाटीचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं की पाटी नंतर बघू, आधी ब्लॉकवरचे (म्हणजे इंजिनाच्या धडावरचे) आणि हेडवरचे (त्याच्या वरच्या झाकणावरचे) ओतीव नंबर पाठवा, बोअर-स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची वर-खाली धाव, मोजता आला तर मोजा, आणि हो, पाटी ज्या रिव्हेटांनी बसवलीय त्यांचा जवळून फोटो.

रिव्हेटांचा फोटो! मला हसू आलं. मग दुसऱ्या दिवशी मी एक वही घेतली आणि पानावर चार रकाने पाडले. काय दिसलं. त्याचा अर्थ काय. खात्री किती. कुणी केलं. हा चौथा रकाना मला नंतर सुचला, कारण जुन्या इंजिनातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी केलेली असते, कारखान्याने, नाहीतर मधल्या मिस्त्रीने, नाहीतर घरातल्याच एखाद्या हौशी माणसाने, आणि कुठली गोष्ट कुणी केली हे सुटं केल्याशिवाय इंजिन कुठलं हे सांगताच येत नाही.

आधी पाटी. उजव्या बाजूला, डायनॅमो जिथे बसतो त्याच्या वर, छोटीशी पाटी, तिच्यावर ९सी-यू-एच आणि पुढे आकडे. ऑस्टिन आणि मॉरिस १९५२ मध्ये एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली, तिच्या इंजिनांवर ही भाषा असते आणि ती फार सुटसुटीत आहे. पहिला आकडा सीसीचा, ८ म्हणजे ८०३, ९ म्हणजे ९४८, १० म्हणजे १०९८, १५ म्हणजे १४८९, १८ म्हणजे १७९८. मग गाडीचं अक्षर, ए ऑस्टिन, एम मॉरिस, जी एमजी, आणि सी म्हणजे हीली. यू म्हणजे गिअरचा दांडा मधोमध जमिनीवर, एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन. तर ९सी-यू-एच म्हणजे ९४८ सीसीचं, हीलीचं, मधल्या दांड्याचं, हाय कॉम्प्रेशन इंजिन. सरळसरळ पहिली स्प्राइट. मॉरिस मायनरमध्ये हेच ९४८ इंजिन असायचं पण तिच्या पाटीवर ९एम, ऑस्टिन ए-३५ ला ९ए. ब्लॉक त्याच घराण्यातला, फरक कार्बोरेटरचा, व्हॉल्व्हचा, कॅमचा वगैरे. मायनरला ३७ हॉर्सपॉवर, स्प्राइटला दोन एसयू कार्बोरेटर लावून ४३. सहा घोड्यांचा फरक, पण मामासाठी तो जातीवंत आणि हमाल यांच्यातला फरक.

हे घराणं म्हणजे ए-सिरीज. १९५१ मध्ये ऑस्टिन ए-३० या बारक्या गाडीसाठी ८०३ सीसीचं म्हणून जन्माला आलं आणि मिनीमध्ये आडवं बसून २००० सालापर्यंत जगलं. पन्नास वर्षं एकच ठेवण. त्यामुळेच तर घोळ आहे. एखाद्या इंजिनाची सगळी भावंडं एकमेकांचे कपडे घालू शकत असतील तर कपड्यांवरून माणूस ओळखायचा कसा?

म्हणून नंबरांची लायकी आधी ठरवावी लागते. माझ्या मते पाटी सगळ्यात खालच्या पायरीवर, कारण ती काढता येते, लावता येते, खिशात घालून नेता येते. तिच्या वरच्या पायरीवर धातूवर पंचने ठोकलेला नंबर, तो बदलायचा तर घासावा लागतो आणि घासलेलं दिसतं. आणि सगळ्यात वर ओतीव नंबर, जो साच्यातच असतो आणि बीड ओतल्यावर उठून येतो. तो कुणी हौसेने बदलत नाही. पण गंमत अशी की ओतीव नंबर खोटं बोलत नसला तरी तो आपल्याला हवं ते बोलतोच असं नाही. तो ब्लॉकचा असतो. गाडीचा नसतो.

अमेरिकन मंडळींचं बघा. फोर्डच्या ब्लॉकवर सी५एई-६०१५ असं काहीतरी असतं. सी म्हणजे साठचं दशक, ५ म्हणजे १९६५, ए म्हणजे मोठी फोर्ड, ई म्हणजे इंजिनवाल्यांचा विभाग आणि ६०१५ हा ब्लॉक या वस्तूचाच नंबर. लोक वाचतात आणि खूश होतात की १९६५ चं इंजिन मिळालं. पण ते साल त्या डिझाइनचं आहे, ओतलं कधी ते वेगळीकडे लिहिलेलं असतं, ६सी१२ असं, म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा ६, तिसरं अक्षर म्हणून मार्च, तारीख १२. एकाच बिडावर दोन सालं आणि दोन्ही खरी! शेव्हरोलेच्या १९५५ पासूनच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ वर तर ओतल्याची तारीख सी १४ ५ अशी. चौदा मार्च कळलं, पाच पण कळलं, पण ५५, ६५ की ७५? ते तुम्ही इतर खुणांवरून ठरवा. त्यात ३०२, ३२७ आणि ३५० घनइंच या तिघांचाही बोअर बरोबर चार इंच, फरक फक्त स्ट्रोकचा, ३, ३.२५ आणि ३.४८. बाहेरून तिळी भावंडं. उघडून क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, बघितल्याशिवाय कुणाच्या बापाला कळणार नाही.

आणि जिथे पैसा येतो तिथे कलाकार येतात. शेव्हरोलेच्या ब्लॉकवर पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या पुढ्यात एक छोटा सपाट पट्टा असतो, तिथे इंजिन कुठल्या कारखान्यात कुठल्या तारखेला जुळवलं ते ठोकलेलं असतं, आणि १९६८ पासून जीएमने गाडीच्या नंबराचा शेवटचा भागसुद्धा इंजिनवर सरसकट ठोकायला घेतला, म्हणून तर ‘मॅचिंग नंबर्स’चं एवढं कौतुक. मग ते नंबर नव्याने ठोकणारे निघाले. त्यांना पकडतात कसं माहितीये? तो पट्टा कारखान्यात ब्रोचिंगने तासलेला असतो, त्याच्यावर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा असतात. नवा नंबर ठोकायचा तर जुना घासायला लागतो आणि घासलं की रेघा गेल्या. म्हणजे जाणकार माणूस नंबर वाचतच नाही, तो नंबराच्या मागचा कागद बघतो. हे वाचलं तेव्हा मला त्या गृहस्थांच्या रिव्हेटांचं हसू यायचं थांबलं.

१९३२ ची फोर्डची फ्लॅटहेड व्ही-८ तर त्याहून भारी, तिच्या ब्लॉकवर नंबरच नाही. नंबर गिअरबॉक्सच्या घरावर आणि चासीवर. ब्लॉक सुटा झाला की तो निनावी. मग माणसं हेडचे स्टड मोजतात, २१ असतील तर आधीची, २४ असतील तर नंतरची, १७ असतील तर धाकटी ६० हॉर्सपॉवरवाली. मला ही पद्धत फार आवडते. नाव विचारायचं नाही, बोटं मोजायची.

आटे हा तर माझा सगळ्यात आवडता पुरावा. जुन्या मॉरिस इंजिनांचे आणि त्यावरून आलेल्या एमजीच्या एक्सपीएजी इंजिनांचे, म्हणजे टीसी, टीडी या गाड्यांतले, बोल्ट काढायला गेलं की व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या इंग्लिश मापाचा, पाना घट्ट बसतो. म्हणून नवा व्हिटवर्थ बोल्ट आणून फिरवावा तर आत जात नाही. कारण डोकं व्हिटवर्थ आणि आटे मेट्रिक! त्यामागची गोष्ट अशी की हॉचकिस ही फ्रेंच शस्त्रं बनवणारी कंपनी, पहिल्या महायुद्धात तिने इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला मशीनगनचा कारखाना काढला. युद्ध संपलं, मशीनगन कोण घेणार, म्हणून ते मॉरिससाठी इंजिनं बनवायला लागले, आणि १९२३ मध्ये मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, त्यामुळे आटे मेट्रिक. पण इंग्लंडभर मेकॅनिकांच्या पेटीत पाने व्हिटवर्थचे, म्हणून डोकी तशी ठेवली. पुढे तीसेक वर्षं ही इंजिनं अशीच निघाली. एका बोल्टात एक युद्ध, एक सीमा आणि एक तडजोड. नंबरपाटीवर एवढं कुठे मावतं?

आमच्या इंजिनाचे बोल्ट मात्र सरळ निघाले, युनिफाइड फाइन आटे, अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये ठरवून घेतलेले. म्हणजे वयाने आणि घराण्याने ए-सिरीज असायला हरकत नाही. वहीत लिहिलं, खात्री चांगली, कुणी केलं, कारखान्याने.

मग हेड. वायर ब्रश आणि डिझेल घेऊन मी अख्खी दुपार घासत बसले, मामा खुर्चीत बसून ‘हळू, हळू’ करत होता जसं काही मी त्याचंच डोकं घासतेय. काळ्या रंगाखालून अक्षरं वर आली. १२जी२९५. मी मामाला वाचून दाखवलं आणि तो खूश, कारण हे हेड स्प्राइटचं असतं हे त्याला माहीत होतं. असतं, पण १०९८ सीसीच्या स्प्राइटचं. ते एमजी ११०० वरही असतं, ९९८ च्या मिनी कूपरवरही असतं. ९४८ च्या बेडूकडोळीवर कारखान्याने ते कधी बसवलं नाही. पण हे काही विशेष नाही, नंतर चांगलं हेड मिळालं म्हणून कुणीही बदललं असेल, हेड हा टोपीसारखा प्रकार आहे. वहीत लिहिलं, कुणी केलं, मधल्या कुणीतरी.

हेड काढायचं ठरलं. नऊ नट, नऊ-सोळांशचा पाना. मामाने तो न बघता पेटीतून काढून दिला, बोटांना अजून सगळं पाठ आहे त्याच्या. गॅस्केटने इतकी वर्षं धरून ठेवलं होतं की सुटताना चक्क फाटल्याचा आवाज आला. आत पिस्टनच्या डोक्यावर काजळी, ती पुसली तर खाली बारीक ठोकलेलं ०२०. म्हणजे वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज, एकदा बोअरिंग झालंय. मग व्हर्निअर. बोअर ६५.१ मिलिमीटर. मी दोनदा मोजला. ९४८ चा मूळ बोअर ६२.९, वीस थाऊ म्हणजे अर्धा मिलिमीटर, त्यात मिळवला तर ६३.४ यायला हवा होता. ६५.१ नाही. मग पिस्टन वर आणून एकदा आणि खाली नेऊन एकदा खोली मोजली आणि वजाबाकी केली. ८३.७.

“मामा, हे ९४८ नाहीये.”

“कसं नाही? पाटी बघितलीस ना?”

“पाटी बघितली. स्ट्रोक ८३.७ येतोय. ९४८ ला ७६.२ असतो.”

“व्हर्निअर धड धरला नसशील. आण इकडे.”

तो उठला, घोडीला धरून उभा राहिला, चष्मा कपाळावर ढकलला आणि स्वतः मोजलं. हात कापतो त्याचा आता, म्हणून तीनदा मोजलं. ८३.६, ८३.८, ८३.७. मग व्हर्निअर माझ्या हातात न देता पेटीत नीट ठेवून दिला आणि म्हणाला, “चहा टाक.”

बोअर ६४.६ आणि स्ट्रोक ८३.७ म्हणजे १०९८ सीसी, यात वादच नाही. बोअर वाढवता येतो, पण स्ट्रोक क्रँकमध्ये असतो आणि तो काही ब्रशने रंगवून बदलत नाही. मग प्रश्न हा की कुठलं १०९८? पुढच्या स्प्राइटमध्ये १०९८ होतंच, १९६२ पासून १०सीजी आणि १९६४ पासून १०सीसी. १०सीसीमध्ये क्रँकच्या मेन बेअरिंगचा व्यास पावणेदोन इंचाचा दोन इंच केला, जुना क्रँक जोरात फिरवला की लवायचा म्हणून. मला एकदम आशा वाटली. बेडूकडोळी नसेल, निदान तिची धाकटी बहीण तरी निघू दे. कुशीवर वळवून चेंबर, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, काढला, मधल्या बेअरिंगची कॅप सोडली, जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, मोजलं. ४४.२. दोन इंच म्हणजे ५०.८ असायला हवं होतं. हे पावणेदोनवालं, तेही दहा थाऊ घासलेलं, बेअरिंगच्या पाठीवर ०१० लिहिलेलं होतंच. म्हणजे १०सीसी बाद. राहिलं कोण? मॉरिस मायनर १०००, ऑस्टिन ए-४०, नाहीतर १०सीजीवाली स्प्राइट. तिघांपैकी एक. आणि या तिघांपैकी कोण हे मला लोखंडावरून सांगता येईना.

इथे खरं तर मी थांबणार होते. पण मूळ शोधण्याची एकदा चटक लागली की माणूस वेडा होतो. त्या दिवसांत मी रात्री जागून इतर इंजिनांची कुळं वाचत बसायचे आणि सकाळी मामाला सांगायचे, त्याला बरं वाटावं म्हणून. की मामा, ट्रायम्फ टीआर-२ एवढी देखणी स्पोर्ट्‌स गाडी, तिचं इंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्डचं, आणि त्याच घराण्याचं इंजिन फर्ग्युसनच्या राखाडी ट्रॅक्टरमध्ये. व्हॅनगार्डला ८५ चा बोअर आणि २०८८ सीसी, टीआर-२ ला ८३ चा आणि १९९१ सीसी, म्हणजे दोन लिटरच्या वर्गात बसावी म्हणून थोडं आवळून घेतलं बस. नांगर ओढणारा आणि शर्यत पळणारी सख्खे चुलत. की मामा, निसानने ऑस्टिनच्या गाड्या परवान्यावर बनवायला घेतल्या होत्या, तेव्हा त्यांनी डोनाल्ड स्टोन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरला विचारलं की आम्हाला लहान इंजिन नवं काढायचंय, तर तो म्हणाला नवं कशाला, आहे याच १४८९ चा स्ट्रोक कमी करा. ८९ चा ५९ केला, ९८८ सीसीचं इंजिन तयार, लोक त्याला स्टोन इंजिनच म्हणायचे. मग ते ब्रिटिश, जपानी का अमेरिकन? मामा ऐकायचा आणि म्हणायचा, “ते त्यांचं झालं. माझं काय?”

सोनेरी रंग मला चुकून दिसला. डायनॅमोचा ब्रॅकेट काढला होता, त्याच्या मागे जिथे ब्रश पोहोचत नाही तिथे काळा रंग अर्धवट होता, आणि कडेला काहीतरी चमकलं. आधी वाटलं तेल वाळून पिवळं झालं असेल. नखाने खरवडलं. सोनेरी. मग टॅपेटच्या झाकणाची कड, तिथेही सोनेरी. कोअर प्लगच्या खळग्यात काळा, त्याखाली सोनेरी, आणि अगदी तळाशी एक चिमूटभर हिरवा. हिरवा मला ओळखीचा होता, ए-सिरीज इंजिनं हिरव्या रंगात निघायची. पण सोनेरी?

त्या गृहस्थांना फोटो पाठवला तर पाच मिनिटांत उत्तर आलं. गोल्ड सील. म्हणजे कारखान्याकडून आलेलं दुरुस्त इंजिन. तुमचं इंजिन थकलं की ते द्यायचं आणि बदल्यात तयार इंजिन घेऊन जायचं, सोनेरी रंग दिलेलं. जमा झालेली इंजिनं खोलून, धुऊन, बोअरिंग करून, क्रँक घासून परत जुळवायचे. माझ्या वहीतला निम्मा मजकूर एकदम जागेवर बसला. वीस थाऊ, दहा थाऊ, हे कुणा मिस्त्रीने नाही, हे तिथेच झालेलं असणार.

आणि मग मला त्याचा अर्थ कळला आणि मी वही मिटून ठेवली. हा ब्लॉक एका गाडीतून निघाला असेल, क्रँक दुसऱ्या, कॅप ब्लॉकबरोबर राहिल्या असतील पण रॉड आणखी कुठले. ढिगातून जे मापात बसलं ते घेतलं. आधीची ओळख पुसणं हा त्या कामाचाच भाग होता, त्यात लबाडी काही नाही, लोकांना चालणारं इंजिन हवं होतं, कुळाचा दाखला नको होता. मी तीन आठवडे विचारत होते की हे कुठल्या गाडीचं आहे, आणि हा प्रश्न त्या इंजिनाला लागूच होत नव्हता. सोनेरी रंगाच्या दिवशी त्याचा दुसरा जन्म झाला आणि त्या जन्मात त्याला आई-बाप नव्हते.

रिव्हेट मात्र राहिले होते. टॉर्च तिरका धरला. कारखान्यात या पाट्या भरीव पिनांनी ठोकून बसवायचे. आमच्या दोन्ही रिव्हेटांच्या मधोमध भोक. पॉप रिव्हेट. बंदुकीसारख्या पक्कडीने टक करून बसतात ते. म्हणजे पाटी खरी, अस्सल ९सी-यू-एच, एखाद्या बेडूकडोळीच्या इंजिनाची, पण या इंजिनावर नंतर चढवलेली. ज्याने मामाला इंजिन विकलं त्याचं हे काम असणार असं मी गृहीत धरलं आणि मनातल्या मनात त्याला दोन शिव्या घातल्या.

मामाला सगळं एका दमात सांगितलं. गोल्ड सील, तीन शक्यता, पॉप रिव्हेट. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मायनरचं पण असेल म्हणतेस.”

“असेल. मायनर जास्त बनल्या, म्हणून तीच शक्यता जास्त.”

“हं. पण आवाज स्प्राइटचा होता.”

“मामा, हे तू चालू कधी केलंस?”

यावर तो खिडकीबाहेर बघायला लागला.

स्प्राइटवाल्या गृहस्थांनी छान समजूतदारपणे नको म्हटलं, त्यांना ९४८ च हवं होतं. पण त्यांनीच एका मायनरवाल्या बाईंचं नाव सुचवलं, त्यांच्या गाडीला १०९८ सरळ बसतं आणि कारखान्याचं रिकंडिशन म्हटल्यावर त्या लगेच तयार झाल्या. जाता जाता गृहस्थ म्हणाले, ती पाटी मात्र काढून वेगळी ठेवा, कुणाची तरी मूळ पाटी आहे ती, इंग्लंडमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडे कारखान्याच्या नोंदी आहेत, तिथून स्प्राइटचे दाखले काढता येतात आणि त्यावर गाडीचा मूळ इंजिन नंबर असतो. म्हणजे कुठेतरी एखादी बेडूकडोळी असेल जिच्या दाखल्यावर हा नंबर आहे आणि इंजिनावर पाटी नाही. मला ही कल्पना इतकी आवडली की मी मामाला पळत सांगायला गेले. इंजिनाचं मूळ सापडलं नाही पण पाटीचं सापडू शकतं!

“राहू दे ती पाटी,” मामा म्हणाला. “कशाला काढतेस. इतकी वर्षं आहे तिथे.”

“अरे पण त्या बाईंना चुकीच्या पाटीसकट इंजिन कसं द्यायचं?”

“त्यांना सांग तोंडी.”

मला वाटलं जीव अडकलाय, साहजिक आहे. त्याला दुपारी डोळा लागला तेव्हा मी ड्रिल घेऊन खाली गेले. पॉप रिव्हेट काढायला काही लागत नाही, डोकं कापलं की झालं. एक, दोन. पाटी हातात आली, वजन काहीच नाही. मागची बाजू स्वच्छ, चकचकीत.

पाटीखाली आयताकृती जागा होती, तिथे इतकी वर्षं हवा लागली नव्हती, म्हणून रंग नव्यासारखा. मला सोनेरी दिसेल असं वाटलं होतं.

काळा होता. आणि त्यात, डावीकडच्या भोकाजवळ, ब्रशचा एक केस.

मी अंगठा फिरवून बघितला. मग मामाची पेटी उघडली, खालच्या कप्प्यात रिव्हेटची पक्कड कुठे असते ते मला लहानपणापासून माहितीये, तिच्या शेजारी डबीत त्याच मापाचे रिव्हेट होते. पाटी मी परत लावली नाही, रुमालात गुंडाळून ठेवली. वहीत शेवटची ओळ लिहिली. काय दिसलं, पाटी ९सी-यू-एच. अर्थ काय, अस्सल, पण या इंजिनाची नाही, काळ्या रंगानंतर लावलेली. खात्री किती, पूर्ण.

चौथा रकाना मी रिकामा ठेवलाय.